शंभर ओळींची शिस्त

बिल्ड आणि रिलीजच्या शेल स्क्रिप्ट लिहिणारा माणूस आपल्याकडच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत शेवटच्या पंक्तीला बसतो. हिंजवडीतल्या मुलाखतीत उमेदवाराने हे काम सांगितले, की समोरून प्रश्न येतो, "ते ठीक आहे, पण डेव्हलपमेंट काय केलंय?" प्रोग्राम लिहिणे ही विद्वत्ता आणि तो बांधून, तपासून लोकांच्या हाती देणे ही हमाली, ही उतरंड इतकी मुरली आहे की तिचे कारण कोणी विचारत नाही. विचारले तर मात्र कारणे भराभर मिळतात. अनुभवी हाताला स्क्रिप्ट लागत नाही. शेल घातक आहे. हल्ली सगळे क्लाउडवरच्या सेवेत होते. स्क्रिप्ट हीच चोराची वाट आहे. आणि आता एआय असताना हे शिकायचे कशाला? या पाचही म्हणण्यांत थोडेफार तथ्य आहे, म्हणून ती टिकली. त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र टिकणारा नाही.

माझा पक्ष आधीच मांडतो. रिलीजची प्रत्येक पायरी लहान, वाचता येणाऱ्या शेल स्क्रिप्टमध्ये लिहिलेली असावी. ती स्क्रिप्ट प्रोग्रामच्याच रिपॉझिटरीत राहावी. आणि तिच्या निम्म्या ओळी तरी 'कुठे थांबायचे' हे सांगणाऱ्या असाव्यात. वेळ वाचतो हा तिचा दुय्यम फायदा आहे. जे लिहिलेले नाही ते दुसऱ्याला तपासता येत नाही, हा मुख्य मुद्दा.

आता पहिले म्हणणे घेऊ. रिलीज जोखमीचा असतो, म्हणून तो जुन्याजाणत्या माणसाने डोळ्यांत तेल घालून हाताने करावा. ऐकायला हे शहाणपणाचे वाटते. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत २०१२ साली हेच झाले. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर चढवायचा होता, तंत्रज्ञाने तो सातांवर चढवला. आठव्यावर वर्षानुवर्षे न वापरलेला जुना कोड तसाच राहिला आणि १ ऑगस्टला बाजार उघडताच जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत लाखो नको असलेले व्यवहार झाले आणि कंपनीचे ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. पुढे तिथल्या रोखे नियामकाने चौकशी केली, तेव्हा त्या तंत्रज्ञाच्या हुशारीबद्दल प्रश्न निघाला नाही. आठही सर्व्हर दुसऱ्या कोणी पाहिले नव्हते आणि तसे पाहावे असे सांगणारी लेखी पद्धतच कंपनीत नव्हती, यावर बोट ठेवले गेले. सगळ्या सर्व्हरवरच्या फाइलचा चेकसम काढून एकाशी एक ताडून पाहणे हे शेलमध्ये पाच-सहा ओळींचे काम आहे.

हुशार माणूस विसरत नाही, हा तर गोड गैरसमज. बेल लॅब्समध्ये याक हे प्रसिद्ध साधन लिहिणारे स्टीव्ह जॉन्सन एकदा सकाळभर एका प्रोग्राममधली चूक शोधत बसले. चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती. बदललेली फाइल पुन्हा कंपाइल करायची तेवढी राहिली होती. हे रडगाणे ऐकून त्यांचे सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' लिहिले: कोणती फाइल कशावर अवलंबून आहे ते एकदा लिहून ठेवायचे आणि काय पुन्हा बांधायचे ते यंत्राने ठरवायचे. जिथे युनिक्सच जन्माला आले त्या खोल्यांमध्ये हाताचा भरवसा पुरला नाही, तिथे रात्री अकरा वाजता ग्राहकाचा फोन कानाला लावून रिलीज करणाऱ्या आपल्या सीनियरने तो का धरावा?

दुसरे म्हणणे अधिक वजनदार आहे: शेल घातक आहे. हे खरेच आहे. जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग प्रोग्रामच्या स्क्रिप्टने काही लोकांच्या घरच्या सगळ्या फाइली पुसल्या. आपले फोल्डर कुठे आहे हे स्क्रिप्ट एका व्हेरिएबलमध्ये साठवत असे आणि पुढे 'त्या फोल्डरखालचे सर्व पुसा' अशी आज्ञा होती. फोल्डर सापडले नाही, व्हेरिएबल रिकामे राहिले आणि आज्ञेचा अर्थ झाला: मुळापासून सर्व पुसा. यावर लोक घाईने उपाय सांगतात, 'सेट'चा 'यू' हा पर्याय लावा. तो इथे उपयोगी पडला नसता. 'यू' न दिलेले व्हेरिएबल पकडतो, दिलेले पण रिकामे असलेले पकडत नाही. त्यासाठी व्हेरिएबलच्या नावापुढे अपूर्णविराम (कोलन) आणि प्रश्नचिन्ह असलेले रूप वापरावे लागते. ते रिकाम्या किमतीवरही स्क्रिप्ट जागच्या जागी थांबवते. दोन चिन्हांचा हा प्रश्न आहे, आणि या दोन चिन्हांचे ज्ञान आपण हमालीत जमा केले आहे.

'ई' या पर्यायाचेही तेच. चूक झाली की स्क्रिप्ट थांबेल, असे त्याचे वचन. पण एखादे फंक्शन 'इफ'च्या अटीत बोलावले, की त्याच्या आत हे वचन लागू राहत नाही. पाइपने जोडलेल्या कमांडमध्ये फक्त शेवटच्या कमांडचा निकाल मोजला जातो, म्हणून 'पाइपफेल' वेगळे लावावे लागते. गिटलॅब या कोड सांभाळणाऱ्या सेवेच्या ३१ जानेवारी २०१७ च्या अपघातात भर पडली ती अशाच मुक्या अपयशाची. अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेसचे फोल्डर पुसले आणि सुमारे ३०० जीबी माहिती गेली. ती चूक हाताची होती. पण रोजचा स्वयंचलित बॅकअप पाहायला गेले तर तिथे काहीच नव्हते. बॅकअपचा प्रोग्राम डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नव्हता म्हणून रोज अपयशी ठरत होता, आणि त्या अपयशाचे ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सुदैवाने सुमारे सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक प्रत सापडली आणि तेवढ्यावर निभावले.

म्हणजे स्वयंचलन वाईट? इंदापूर तालुक्यातल्या शेळगावच्या शेतकऱ्याला हा प्रश्न विचारून पाहावा. या पट्ट्यात शेतीपंपाला थ्री फेज लाईट वर्षानुवर्षे पाळीने मिळत आली: एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्री लाईट आली की मोटार आपोआप चालू व्हावी म्हणून स्टार्टरला ऑटो बसवला गेला. विहिरीला पाणी नसले तरी ऑटो मोटार फिरवतो आणि ती जळते. लाईट येताच एका डीपीवरच्या सगळ्या मोटारी एकदम उठतात आणि डीपी जळते. म्हणूनच ऑटो काढा, कॅपॅसिटर बसवा, असे महावितरणला सांगत राहावे लागते. पण यावर कोणी मोट पुन्हा जुंपली नाही. शहाण्या शेतकऱ्याने पाणी संपले की मोटार बंद करणारे, एक फेज गेला की चालू होऊ न देणारे आणि लाईट आल्यावर थोडे थांबून मग चालू करणारे यंत्र पेटीत बसवले. शेल स्क्रिप्टला लागते ते हेच. जिच्यात 'पाणी आहे का' ही तपासणी नाही ती स्क्रिप्ट म्हणजे नुसता ऑटो, आणि तिच्यावर घेतलेले आक्षेप मला शंभर टक्के मान्य आहेत. तेवढ्यावरून हाताने बटण दाबायला रात्री दोन वाजता माणूस उठवणे हा मात्र उपाय नव्हे.

तिसरे म्हणणे: आता हे सगळे क्लाउडवरची सेवा करते, स्क्रिप्ट कशाला? इथे डोळे उघडून पाहावे. त्या सेवेच्या यामल फाइलमध्ये 'रन' या शब्दापुढे जे लिहिलेले असते, ते बहुतेक वेळा शेलच असते. फक्त ते तीस ठिकाणी तुकड्यातुकड्याने विखुरलेले, स्वतःच्या संगणकावर चालवून पाहता न येणारे आणि एका कंपनीच्या सेवेला बांधलेले. एक ओळ बदलायची, कमिट करायचे, ढकलायचे, दहा मिनिटे वाट पाहायची आणि लाल फुली बघून पुन्हा एक ओळ बदलायची, या खेळात दिवस जातो. शिवाय तिथे आपण परक्यांचे तयार तुकडे न वाचता जोडतो. मार्च २०२५ मध्ये गिटहबवरचा बदललेल्या फाइली शोधून देणारा एक लोकप्रिय तुकडा कोणीतरी ताब्यात घेतला आणि त्याचे जुने टॅग नव्या, घातक कोडकडे वळवले. २३ हजारांहून अधिक रिपॉझिटऱ्या तो तुकडा वापरत होत्या. काहींचे पासवर्ड आणि चाव्या लॉगमध्ये उघड्या पडल्या. जे काम 'गिट डिफ'च्या एका ओळीत होते, त्यासाठी एवढा परका हात घरात घेतला गेला होता.

सेवा नको असे मी म्हणत नाही. प्रत्येक वेळी कोरे यंत्र मिळते हा तिचा मोठा गुण आहे, आणि 'माझ्या लॅपटॉपवर चालतं' या पळवाटेला तिने चाप बसवला. पण सेवेने आपल्या रिपॉझिटरीतली स्क्रिप्ट बोलवावी, स्क्रिप्टची जागा घेऊ नये. यामलमध्ये तीन ओळी, शहाणपण स्क्रिप्टमध्ये. मग उद्या सेवा बदलली, बंद पडली, महागली, तरी रिलीज अडत नाही.

चौथे म्हणणे सर्वांत गंभीर. बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच हल्ला लपवता येतो, आणि तसा तो लपवला गेलाही. एक्सझेड या फाइली आकसणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचे दार होते. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने ते जगासमोर आणले, तेही दूरच्या यंत्रात लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, या खोदकामातून. त्या दाराची किल्ली गिटच्या रिपॉझिटरीत नव्हतीच. रिलीजसाठी वेगळ्या बांधलेल्या टारबॉलमध्ये ऑटोकॉन्फची एक फाइल बदलून घुसवली होती. तिच्यातून तयार झालेले शेल चाचणीच्या निरुपद्रवी दिसणाऱ्या फाइलींतून मूळ विष बाहेर काढत असे.

यावरून शेल सोडा असा निष्कर्ष काढणे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. तो हल्ला का लपला? ऑटोकॉन्फने निर्माण केलेली 'कॉन्फिगर' स्क्रिप्ट हजारो ओळींची असते आणि ती कोणी वाचत नाही. शिवाय टारबॉल कोणत्या पायऱ्यांनी बनला हे बाहेरच्या कोणाला पुन्हा करून पाहता येत नव्हते. म्हणजे दोष न वाचता येणाऱ्या आणि न लिहिलेल्या रिलीजचा आहे. टॅगवरून थेट, सर्वांसमोर असलेल्या लहान स्क्रिप्टने टारबॉल बनत असता, तर कोणीही तो आपल्या घरी बनवून दोन्हींचा चेकसम ताडला असता. डेबियनसारखे प्रकल्प एकाच सोर्समधून बाइटला बाइट जुळणारा बिल्ड निघावा म्हणून वर्षानुवर्षे झटत आहेत, ते याचसाठी. कोडकव्ह या कंपनीच्या बॅश स्क्रिप्टमध्ये ३१ जानेवारी २०२१ पासून कोणीतरी चोरीची ओळ घातली होती. ती १ एप्रिलला उघडकीस आली, कारण एका ग्राहकाने उतरवलेल्या स्क्रिप्टचा चेकसम प्रसिद्ध केलेल्या चेकसमशी ताडून पाहिला आणि तो जुळला नाही. बाकी असंख्य ग्राहक ती स्क्रिप्ट इंटरनेटवरून ओढून न वाचता थेट बॅशच्या तोंडात देत होते. चोरी स्क्रिप्टमधून झाली हे खरे. पकडली गेली तीही स्क्रिप्टमध्ये मावणाऱ्या एका ओळीने.

पाचवे म्हणणे थोडक्यात उरकतो. एआय स्क्रिप्ट लिहून देतो, हे मान्य. पण वर सांगितलेला 'रिकामे' आणि 'न दिलेले' यातला फरक ज्याला कळत नाही, त्याने एआयची स्क्रिप्ट ग्राहकाच्या सर्व्हरवर कोणत्या धीराने चालवावी? लिहिणे स्वस्त झाले की वाचणे महाग होते.

खंडन इथवर. आता चांगली रिलीज स्क्रिप्ट कशी असते ते पाहू, आणि उदाहरण मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोरचेच घेऊ. लिनक्सवर अनेक वर्षे मराठी दिसली ती लोहित फॉन्टमध्ये. हे फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून आले, रेड हॅटने ते खुले केले आणि २०११ मध्ये ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आणले. देवनागरी फॉन्टचा रिलीज हे डोळ्यांनी तपासायचे काम नव्हे. 'दऱ्या'तला अर्धा र, 'ट्र', 'द्ध्य', रफार, वेलांटी कोणत्या अक्षरापुढे येते, मराठी वळणाचे ल आणि श, अशा शेकडो जोडण्या असतात, आणि एका नियमाला हात लावला की भलतीकडचे जोडाक्षर फुटते. पण हार्फबझ या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामची एक कमांड, दिलेल्या शब्दासाठी कोणती चित्रे कोणत्या क्रमाने येतील, हे साध्या मजकुरात छापते. हजार शब्दांची यादी द्यायची, निकाल मागच्या रिलीजच्या निकालाशी 'डिफ' करायचा, आणि एकही अनपेक्षित फरक दिसला की रिलीज थांबवायचा. याला लागते एक मेकफाइल आणि काही ओळींचे शेल. फेडोरात फॉन्टचे पॅकेज बनते तेव्हाही आरपीएमच्या स्पेक फाइलमधले बिल्ड आणि इन्स्टॉलचे भाग शेल म्हणूनच चालतात. मराठीचा अर्धा र जगात नीट पोचावा, याची राखण ही 'हमाली' करते.

चांगल्या स्क्रिप्टची पहिली कामे सगळी नकाराची असतात. गिटमध्ये न नोंदलेले बदल आहेत? थांब. शाखा चुकीची आहे? थांब. हा टॅग आधीच आहे? थांब. दुसरे कोणी आत्ता रिलीज करत आहे? 'एफलॉक'ने कुलूप घाल आणि थांब. मग बिल्ड नव्या, रिकाम्या तात्पुरत्या फोल्डरमध्ये करावा आणि 'ट्रॅप' लावून ठेवावा, म्हणजे मध्येच मोडले तरी कचरा मागे राहत नाही. आवृत्तीचा आकडा एकाच जागेवरून घ्यावा. चाचण्या, चेकसम, सही या क्रमाने पुढे जावे आणि लोकांना दिसणारी पायरी सर्वांत शेवटी ठेवावी.

ही शेवटची पायरी किती महत्त्वाची, ते गावातून काम करणाऱ्याला विचारावे. करोनाच्या टाळेबंदीत पुण्याहून परतलेली आणि मग अधूनमधून गावातूनच काम करू लागलेली मुले बारामती-इंदापूर पट्ट्यात भेटतात. शेळगाव फाट्यावर रेंज असते आणि वस्तीवर नसते. लाईट गेली की राउटर गेला. दूरच्या सर्व्हरशी जोडणी तुटली, की तिथे चाललेला प्रोग्राम बहुधा बंद पडतो. म्हणून काम जोडणी तुटली तरी चालू राहणाऱ्या टीमक्सच्या सत्रात चालवावे, आणि स्क्रिप्ट अशी लिहावी की कुठेही मोडली तरी पुन्हा चालवता येईल. झालेली पायरी ओळखून ती सोडावी, न झालेली करावी. नवा प्रोग्राम वेगळ्या फोल्डरमध्ये पुरता उतरवावा आणि मग चालू आवृत्तीकडे बोट दाखवणारी सिंबॉलिक लिंक एका झटक्यात फिरवावी. बरेच जण ती 'एलएन'च्या एका कमांडने फिरवतात, पण त्या कमांडच्या जुन्या आवृत्त्या आतून आधी जुनी लिंक काढतात आणि मग नवी करतात. त्या फटीत आलेल्या ग्राहकाला काहीच सापडत नाही. नवी लिंक वेगळ्या नावाने करून तिचे नाव बदलले, तर नामांतर एकतर होते किंवा होत नाही, मधली अवस्था उरत नाही. जी स्क्रिप्ट शेळगावच्या वस्तीवरून निर्धोक चालते, ती हिंजवडीतून चालेलच. उलट घडेल याची खात्री नाही.

मर्यादाही सांगतो, नाहीतर मंडन हे भजन होईल. गूगलच्या शेल-लेखनाच्या नियमांत शंभर ओळींपलीकडे जाणारी स्क्रिप्ट अधिक बांधेसूद भाषेत लिहा, असा सल्ला आहे आणि तो योग्य आहे. शेलने फाइली हलवाव्यात, प्रोग्राम बोलवावेत, निकाल तपासावेत. जेसनचे पृथक्करण, तारखांची गणिते, गुंतागुंतीच्या याद्या पायथॉनकडे द्याव्यात. मॅकमधले बॅश लायसन्सच्या कारणाने ३.२ वरच अडले आहे, उबुंटूत साध्या 'एसएच'च्या नावाखाली डॅश चालते, आणि 'सेड'चा फाइल जागेवर बदलण्याचा पर्याय दोन्हीकडे वेगळा वागतो. ज्याने हे ध्यानात ठेवले नाही, त्याची स्क्रिप्ट त्याच्याच टेबलापुरती. म्हणून शेलचेक हे तपासणीचे साधन प्रत्येक कमिटवर चालले पाहिजे. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये असता कामा नये आणि प्रत्येक ओळ छापणारा 'एक्स' हा पर्याय रिलीजच्या लॉगमध्ये विसरता कामा नये, कारण तो चाव्याही छापतो.

मग हे शिकवायचे कोणी? साहित्याची वाण नाही. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे युनिक्स शेलवरचे पुस्तक अभियांत्रिकीच्या कितीतरी मुलांनी हाताळले आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे आणि बॅशचे धडे आहेत, आणि त्या प्रकल्पाचे अनेक धडे मराठीतून ऐकता येतात. कमी आहे ती नेमक्या अभ्यासाची. पुणे विद्यापीठाच्या अभियांत्रिकीत ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकाला शेलमध्ये पत्त्यांची वही लिहायला लावण्याचा प्रघात आहे: नाव घाला, नाव शोधा, नाव पुसा. शेल ज्या कामासाठी सर्वांत गैरसोयीचे, तेच त्याच्याकडून करून घ्यायचे आणि मुलांनी 'ही भाषा टाकाऊ आहे' असे म्हणत बाहेर पडायचे, असा हा प्रकार. बारामतीच्या महाविद्यालयातला विद्यार्थी तीच वही लिहितो, पुण्यातलाही तीच.

त्या वहीच्या जागी रिलीजची स्क्रिप्ट ठेवावी, अशी माझी मागणी आहे. विद्यार्थ्याने गेल्या सत्रातला स्वतःचाच प्रोग्राम घ्यावा आणि ऐंशी ओळींच्या आत तो टॅगवरून बांधावा, तपासावा, चेकसमसह प्रसिद्ध करावा, मागची आवृत्ती परत आणून दाखवावी. परीक्षकाने तीन गोष्टी कराव्यात. एक व्हेरिएबल रिकामे करून स्क्रिप्ट थांबते का ते पाहावे. ती अर्धी चालली असताना संगणकाची पिन उपटावी आणि पुन्हा चालवायला सांगावे. आणि शेवटी स्क्रिप्ट शेजारच्या विद्यार्थ्याच्या हाती देऊन, लिहिणाऱ्याला खोलीबाहेर उभे करून, रिलीज करायला लावावा. शेजाऱ्याला जमला तर पूर्ण गुण. ज्या कंपन्यांना आपला एक ठरावीक माणूस सुट्टीवर गेला की रिलीज पुढे ढकलावा लागतो, त्यांनीही ही परीक्षा येत्या सोमवारी स्वतःवर घ्यायला हरकत नाही.